बॅगेआधी फाइल: परदेशी शिकायला निघालेल्यांचे प्रश्न

या वेळच्या टपालात परदेशी शिकायला निघालेल्या मुलांची, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांची पत्रे आली आहेत. प्रवेश झाला, व्हिसा झाला, आता बॅगा भरायच्या, असा बहुतेकांचा सूर आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. बॅगा भरायला अख्खे घर असते, शेजारीपाजारीही असतात. तिथे पोहोचल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत जी कागदपत्रे मागितली जातात, त्यांची काळजी मात्र कोणीच करत नाही. पुढील उत्तरे याच बाजूने लिहिली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी ऑगस्टमध्ये एम. एस. करण्यासाठी अमेरिकेला निघाली आहे. घरातली यादी रोज वाढते आहे: कुकर, मिक्सर, इंद्रायणी तांदूळ, मसाले, वर्षभराची औषधे. विद्यापीठाकडून लसीकरणाचा एक फॉर्म आला आहे आणि तो पूर्ण झाल्याशिवाय विषयांची नोंदणी होणार नाही, असे त्यात म्हटले आहे. तिचे लहानपणीचे कार्ड सापडले, पण त्यावर फक्त ‘गोवर’ असे लिहिलेले आहे. कशापासून सुरुवात करावी?
— एक आई, गंगापूर रोड

उत्तर: ताई, सुरुवात त्या फॉर्मपासूनच करावी, आणि ती याच आठवड्यात करावी. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे एमएमआर लसीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची एकत्रित लस. आपल्या मुलीच्या पिढीला सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यात फक्त गोवराची लस मिळत असे. एमएमआर मिळाली असेल तर ती खासगी बालरोगतज्ज्ञांकडे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून जी मोहीम झाली, तीत गोवर आणि रुबेला या दोनच रोगांची लस होती, गालगुंडाची नव्हती. त्यामुळे ‘शाळेत टोचले होते’ एवढ्यावर विद्यापीठ समाधान मानत नाही.

एमएमआरच्या दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवसांचे अंतर लागते. जूनच्या अखेरीस जागे झालेल्या घराला हे अंतर जेमतेम साधते. जुलैच्या मध्यावर जागे झालेल्याला दुसरी मात्रा तिकडे जाऊन, तिकडच्या दराने घ्यावी लागते. रक्तातील प्रतिपिंडे तपासून जुनी प्रतिकारशक्ती सिद्ध करण्याचा मार्गही अनेक विद्यापीठे मान्य करतात. आपला फॉर्म त्या दृष्टीने नीट वाचावा.

क्षयरोगाच्या चाचणीचेही असेच आहे. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी टोचलेली असते आणि त्यामुळे कातडीवरची चाचणी पुष्कळदा विनाकारण सकारात्मक येते. म्हणून ‘इग्रा’ ही रक्ताची चाचणी करावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मात्र हे रक्त एमएमआर घेण्याआधी किंवा त्याच दिवशी द्यावे. लस घेऊन चार-सहा दिवसांनी दिले तर निकालाचा भरवसा राहत नाही आणि मग चार आठवडे थांबावे लागते. काही विद्यापीठे ही चाचणी स्वतःच्याच दवाखान्यात करून घेतात, तसे असल्यास इथे पैसे खर्च करू नयेत.

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती मी प्रत्यक्ष पाहिली आहे. आपले डॉक्टर फॉर्मवर ५/८ असे लिहितात आणि ते पाच ऑगस्ट असते. अमेरिकेतला कारकून ते आठ मे असे वाचतो. दोन मात्रांच्या तारखा अशा उलटसुलट वाचल्या गेल्या की मधले अंतर चुकीचे दिसते आणि फॉर्म परत येतो. डॉक्टरांना महिन्याचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगावे, शिक्का आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट उमटला आहे ना हे तिथेच उभे राहून पाहावे.

आता त्या बॅगेविषयी. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही हीच चूक केली होती. लसीकरणाची कागदपत्रे मी स्वतः प्लास्टिकच्या पाकिटात घालून, ‘सुरक्षित राहतील’ म्हणून, मोठ्या बॅगेच्या तळाशी साड्यांच्या घडीत ठेवली; साड्या त्याच्या मावशीसाठी होत्या. बॅग मधल्या विमानतळावर राहिली आणि चौथ्या दिवशी त्याच्या दारात आली. तेवढ्या चार दिवसांत त्याला हवे असलेले दोन विषय भरून गेले. साड्या मात्र सुखरूप पोहोचल्या.

तेव्हा हातातल्या पिशवीत एक फाइल असावी आणि ती प्रवासात कुठेही खाली ठेवू नये. तीत पासपोर्ट, आय-२० हा विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला मूळ फॉर्म, सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंदणी) शुल्काची पावती, प्रवेशपत्र, कर्जमंजुरीचे पत्र, लसीकरणाची कागदपत्रे आणि पहिल्या रात्री जिथे उतरायचे तिथला पत्ता व फोन नंबर असावा. आय-२० वर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याबरोबरच विद्यार्थ्याचीही सही लागते, ती करायची राहून गेलेली मुले दर वर्षी भेटतात. सर्व कागद छापील असावेत. इमिग्रेशनच्या रांगेत फोनला नेटवर्क असेलच असे नाही, आणि तिथे फोन काढलेला चालतही नाही.

त्या रांगेतला अधिकारी साधारणपणे तीनच गोष्टी विचारतो: कुठे शिकणार, काय शिकणार, खर्च कोण करणार. विचारले तेवढेच सांगावे. आपल्या मुली फार आज्ञाधारक असतात, एका प्रश्नाला मामाच्या अमेरिकेतल्या घरापर्यंत उत्तर नेतात, त्याची गरज नसते. आय-२० वर दिलेल्या अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर प्रवेश मिळत नाही, म्हणून मामाकडे दोन महिने राहून मग कॉलेजला जाण्याचा बेत असेल तर तो सोडावा. पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत आय-९४ ही देशातल्या प्रवेशाची नोंद संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि नाव, जन्मतारीख व व्हिसाचा वर्ग बरोबर आहेत का ते पाहावे. त्यानंतर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन हजेरी द्यावी. ही हजेरी ऐच्छिक नाही. अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत सेव्हिसमध्ये नोंद झाली नाही तर व्हिसा असूनही तिथे विद्यार्थी म्हणून राहण्याचा दर्जा जातो. पुढे घर बदलले तर नवा पत्ता १० दिवसांत कळवावा लागतो.

आपल्या यादीकडे वळू. मिक्सर नेऊ नये. आपली वीज २३० व्होल्टची आणि अमेरिकेतली १२० व्होल्टची, तिथे आपला मिक्सर शेंगदाण्याचे कूटही धड करणार नाही. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. इंद्रायणी तांदूळ तर मुळीच नको. धान्यातल्या खाप्रा भुंगेऱ्याच्या भीतीने, तो कीटक आढळणाऱ्या देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणण्यास अमेरिकेत बंदी आहे आणि त्या देशांत आपणही आहोत. ताजी फळे, बियाणे आणि मांसाचे पदार्थ यांनाही मज्जाव आहे. दळलेला गोडा मसाला, भाजलेली चटणी, चिवडा यांना सहसा अडचण येत नाही; मात्र कस्टम्सच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत का, या प्रश्नापुढे ‘हो’ असेच लिहावे. सांगून नेलेली नको ती वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेली सापडली तर दंड होतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवाव्यात. खोबऱ्यात तेल असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते आणि विमानवाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. ओटीचा नारळ देवघरातच ठेवून निघावे, देव रागावत नाही.

औषधे वर्षभराची नकोत, सुमारे तीन महिन्यांची पुरेत, आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी, जिच्यावर औषधाचे मूळ नाव लिहिलेले असेल. आपल्या घरातले पॅरासिटामॉल तिथल्या दुकानात ॲसिटामिनोफेन या नावाने मिळते, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे दात. विद्यापीठाच्या आरोग्यविम्यात दात आणि चष्मा हे बहुधा नसतात. अक्कलदाढ डोके वर काढत असेल, एखादी दाढ भरायची राहिली असेल तर ते काम जाण्याआधी इथल्या दंतवैद्यांकडे उरकावे, आणि चष्मा असल्यास दुसरा जोड करून घ्यावा. कुकरच्या निम्म्या काळजीने हे केले तरी पुष्कळ झाले. कुकर न्या, तो चालतो.

प्रश्न: माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम आहे. पासपोर्टवर माझे आणि वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात आहे. परदेशी विद्यापीठाच्या पत्रावर मात्र वडिलांचे नावच आडनाव म्हणून छापले गेले आहे. हे असेच चालेल का?
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर: गुणपत्रिकांवरचा क्रम चालेल, विद्यापीठाच्या पत्रावरचा चालणार नाही. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या कागदपत्रांत हा नावांचा घोळ असतो, कारण आपल्याकडे तीन नावे लिहायची रीत आहे आणि परदेशी फॉर्ममध्ये रकाने दोन असतात. अर्ज भरणाऱ्याने गुणपत्रिका समोर ठेवून पहिला शब्द पहिल्या रकान्यात आणि शेवटचा शब्द शेवटच्या रकान्यात टाकला की वडील आडनाव होऊन बसतात.

नियम एकच आहे: जे पासपोर्टवर आहे तेच सर्वत्र. प्रवेश कार्यालयाला आजच ईमेल करावा, पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडावी आणि कोणता शब्द कोणत्या रकान्यात हवा हे एका वाक्यात लिहावे. व्हिसाच्या अर्जाआधी ही दुरुस्ती एका ईमेलने होते. व्हिसा छापून आल्यावर तीच दुरुस्ती विद्यापीठ, दूतावास आणि विमान कंपनी अशा तीन दारांत करावी लागते. विमानाच्या तिकिटावर तुमचे आणि वडिलांचे नाव मध्ये जागा न सोडता एकच लांबलचक शब्द म्हणून छापले जाते, त्याने घाबरू नये, ती संगणकाची सवय आहे.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांनी मात्र आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा. अमेरिकेच्या व्हिसावर अशा व्यक्तीचे एकमेव नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिले नाव अज्ञात, असे छापले जाते. मग वर्गाच्या हजेरीपासून बँकेच्या कार्डापर्यंत त्या मुलाला सगळे एफएनयू म्हणूनच हाक मारतात.

प्रश्न: मी ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीला जात आहे. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी जमा करायचे खाते) झाले आहे. खोली मिळत नव्हती. आता एका माणसाने ऑनलाइन फोटो पाठवले आहेत. तीन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट आधी पाठवा, पण या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही, असे तो म्हणतो. शिवाय घरचे तूप बरोबर द्यायला आई हटून बसली आहे.
— एक विद्यार्थी, अंबड

उत्तर: पैसे पाठवू नका. ‘नोंदणी करता येणार नाही’ एवढे एकच वाक्य नकार द्यायला पुरेसे आहे. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत त्या गावच्या कचेरीत जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. या नोंदणीवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. करक्रमांक त्यावरूनच येतो, बँकेचे खाते आणि राहण्याचा परवाना यांनाही तोच पत्ता लागतो. नोंदणी न देणारा माणूस एक तर स्वतःच भाडेकरू असतो आणि मालकाला अंधारात ठेवून खोली पुन्हा भाड्याने देत असतो, किंवा ती खोली अस्तित्वातच नसते. तीन महिन्यांचे मूळ भाडे ही डिपॉझिटची तिथल्या कायद्यातली कमाल मर्यादा आहे आणि ती रक्कम तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. करार हाती येण्याआधी सर्व रक्कम मागणारा हा कायदा जाणत नाही, किंवा तुम्ही जाणत नाही असे धरून चालतो.

श्टुडिरेंडनवेर्क या विद्यार्थी-कल्याण संस्थेच्या वसतिगृहांत अर्ज केला नसेल तर आजही करावा, प्रतीक्षायादी लांब असली तरी. तोवर पहिल्या महिन्यासाठी नोंदणीचा दाखला देणारी एखादी तात्पुरती खोली शोधावी, ती गावाबाहेर असली तरी चालेल. नाशिकमध्ये अंबडहून पंचवटीला जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात तिथली लोकल बरेच अंतर कापते.

ब्लॉक्ड अकाउंटविषयी एक गैरसमज दिसतो. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो असले तरी ते पहिल्या दिवशी हातात येत नाहीत. तिथे चालू खाते उघडून, कागद पाठवून, खाते सक्रिय झाल्यावर महिन्याला ९९२ युरो मिळू लागतात आणि यात काही आठवडे जातात. त्यामुळे पहिल्या महिन्याचे भाडे, डिपॉझिटचा पहिला हप्ता, सत्रशुल्क आणि जेवणखाण एवढी रक्कम वेगळी जवळ हवी. पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि एपीएस प्रमाणपत्र (भारतातली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा जर्मन दाखला) यांच्या मूळ प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, नावनोंदणीच्या वेळी मूळ प्रती पाहतात. निघताना मिळालेला व्हिसा मर्यादित मुदतीचा असतो, तो संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे राहण्याच्या परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. मोठ्या शहरांत त्या कार्यालयाची वेळ मिळायला फार उशीर लागतो, म्हणून पत्त्याची नोंद झाल्याबरोबर वेळ मागून ठेवावी.

शक्य असेल तर रविवारी पोहोचू नका. रविवारी जर्मनीतली दुकाने बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली काय ती उघडी असतात. शनिवारी रात्री उशिरा पोहोचलेल्या मुलाचा रविवार बॅगेतल्या चिवड्यावर जातो.

आता तूप. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दूध आणि मांस यांचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, त्यात तूप आले, पेढे आले, खव्याची बर्फीही आली. आईंना सांगा की तिकडे चांगले लोणी मिळते आणि कढवण्याची कृती त्यांनी व्हिडिओ कॉलवर शिकवावी. कढीपत्त्याची ताजी डहाळीही नको, झाडपाल्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. चकल्या आणि भाजणी खुशाल न्या.

प्रश्न: मुलाबरोबर रोख पैसे किती द्यावेत? आणि बँकेने कापलेला टीसीएस परत मिळतो का?
— एक वडील, इंदिरानगर

उत्तर: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका प्रवासात नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकीचे फॉरेक्स कार्डावर न्यावेत. माझ्या मते ४०० ते ५०० डॉलर सुट्या नोटांत पुरेत, त्यातही शंभराच्या नोटा कमी आणि वीसच्या जास्त. फी मुलाच्या कार्डाने न भरता बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यात पाठवावी.

टीसीएस हा परदेशी पैसे पाठवताना बँक वसूल करते तो कर, आणि तो आगाऊ जमा होतो. ज्याच्या पॅनवरून रक्कम गेली त्याला तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो किंवा परत मागता येतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो कापला जात नाही. स्वतःच्या बचतीतून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर आर्थिक वर्षात १० लाखांच्या पुढच्या भागावर कापला जातो. घरात ज्याला करविवरण भरावेच लागते, त्याच्याच खात्यातून पैसे पाठवणे सोयीचे पडते.

याच संदर्भात न विचारलेली एक गोष्ट सांगतो. मुलाच्या बँकेचे, आधारचे, कर्जाचे सगळे ओटीपी त्याच्या भारतातल्या मोबाइल नंबरवर येतात. ते सिम बंद पडले की त्याचे स्वतःचे खाते त्यालाच उघडत नाही. जाण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून, लहानसे रिचार्ज नियमित करण्याचे काम घरातल्या कोणाकडे तरी सोपवावे. पदवी प्रमाणपत्र यायचे असेल, कर्जाच्या कागदांवर नंतर सह्या लागणार असतील, तर वडिलांच्या नावे मुखत्यारपत्रही करून ठेवावे. परदेशातून ते करायचे म्हटले की भारतीय वकिलातीची पायरी चढावी लागते.

प्रश्न: मुंबईहून विमान १२ ऑगस्टला ०१.५० वाजता आहे. नाशिकहून किती वाजता निघावे? समृद्धी महामार्गाने लवकर पोहोचतो, असे सगळे सांगतात.
— एक आजोबा, पंचवटी

उत्तर: आजोबा, ११ ऑगस्टच्या दुपारी ४ वाजता निघा. ०१.५० म्हणजे ११ तारखेची मध्यरात्र उलटल्यानंतरची वेळ आहे. अशाच तिकिटावरच्या तारखेला संध्याकाळी औक्षण करून निघालेले एक कुटुंब मला माहीत आहे. ते विमानतळावर पोहोचले तेव्हा त्यांचे विमान उतरूनही बराच वेळ झाला होता. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे ११ च्या रात्री पावणेअकराला, आत शिरलेले असावे.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टळतो, हे खरे आहे. मात्र आमणे भिवंडीजवळ आहे, आणि तिथून सहारपर्यंतची संध्याकाळची गर्दी कोणत्याही महामार्गाने कमी झालेली नाही. ऑगस्टच्या पावसात त्या तुकड्याला किती वेळ लागेल हे कोणालाही सांगता येत नाही. विमानतळाच्या आत तिकीट असलेल्यालाच सोडतात, त्यामुळे तीन गाड्या भरून नेऊ नका. निघण्यापूर्वी नातवाच्या खांद्यावरची पिशवी एकदा उघडायला लावा आणि पासपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.